दाढ आणि जोड

३ नोव्हेंबर
सांगलीला रक्त देऊन आले. पाच नळ्या. एक नेहमीच्या तपासणीची, चार डॉक्टरांच्या अभ्यासाच्या. त्या चार गोठवून ठेवतात. क्रोन्सचं ऑपरेशन झालेल्या माणसाला आजार परत येणार का, हे दुर्बीण घालायच्या आधी रक्तावरून कळेल का, असा अभ्यास. माझं आतडं मे महिन्यात कापलं, वीतभर काढलं, उरलेलं जोडलं. आजार परत आला तर बहुतेक त्या जोडापाशीच येतो. त्यामुळे सगळे आधी 'जोड कसा आहे' विचारतात, मी कशी आहे ते नंतर.
शबाना सिस्टरांनी फॉर्म पुढे केला. पोटात दुखणं: नाही. ताप: नाही. जुलाब: नाही. इतर त्रास: नाही.
शेवटचा 'नाही' लिहिताना जीभ दाढेवर होती.

४ नोव्हेंबर
निदान इथे तरी खरं लिहिते. अक्कलदाढ, डावी, खालची. आज अकरावा दिवस. हिरडी सुजली आहे, तोंड नीट उघडत नाही. घरी सांगितलेलं नाही.
काल स्वतःशी वाद घातला तो असा: फॉर्म आतड्याचा, दाढ काही आतड्यात नाही. वकिलांकडे टायपिंग करून करून ही भाषा आली. खरं कारण एवढंच की मला आणखी एक डॉक्टर नको होता.

७ नोव्हेंबर
सिस्टरांचा फोन. सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, ३१. पाचच्या आत हवा. ऑगस्टमध्ये ३ होता.
"डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय. दुर्बीण डिसेंबरात ठरलीय, ती अलीकडं घेऊ म्हणतात. जोडापाशी काही दिसलं तर इंजेक्शनं चालू करायला लागतील. घाबरू नका हां."
तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आई मात्र लगेच, "काय खाल्लंस गं? त्या हापिसातल्या पोरींच्या डब्यातलं काय खाल्लंस?"
काही नाही खाल्लं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. सहा महिने तेच. तरी आठवत बसले. मागच्या आठवड्यात एक पेरू, बिया काढून.
पुन्हा कापावं लागलं तर. वीतभर तर गेलंच आहे. किती उरतं माणसाजवळ

८ नोव्हेंबर
एका खरेदीखतात पूर्वेचा शेजारी पश्चिमेला टाइप केला. वकीलसाहेबांनी नुसतं बोट ठेवलं.
दुपारपासून डोक्यात एकच. ३१ हा आकडा दाढेचा असेल तर? असेल तर मी वाचले. पण मग अभ्यासाच्या कागदावर माझ्या नावापुढे 'दुसरा काही त्रास नाही' असं लिहिलेलं आहे, माझ्या सहीनं. त्यावरून ते उद्या कुणा दुसऱ्याच्या जोडाबद्दल काहीतरी ठरवतील. आणि आता सांगितलं तर म्हणतील, आकडा वाढला तेव्हा बाईला दाढ आठवली.
संध्याकाळी तात्यांना सांगितलं. तात्या सैन्यात क्लार्क होते. बदलीच्या गावांना मराठी शाळा नसायची, म्हणून चौथीपर्यंत मी त्यांच्याच टेबलाशी शिकले. त्यामुळे त्यांना सांगायचं म्हणजे बापाला आणि मास्तरांना एकदमच.
ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं न्हाई लिवलंस. अपुरं लिवलंस. पर कागदाला दोनी सारखंच."
"आता काय करू?"
"इसरलीस व्हय? खाडाखोड न्हाई करायची. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे. बाजूला खरं काय ते लिवायचं. तारीख, सही."
आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पंधरा दिस दाढ दुखतीया, आन् माज्यासमोर भात चावून दावतीस? नाटकी."
लवंग आणून हातावर ठेवली.

१० नोव्हेंबर
सातारा–सांगली, एसटी. कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास. तात्या सबंध रस्ताभर पाट्या वाचत होते, मोठ्यानं.
सिस्टरांना आधी सांगितलं. त्यांनी टॉर्च मारला. "या अल्ला. ही घेऊन भात गिळत होता तुम्ही?" मग हसल्या. "सीआरपी म्हणजे आमच्या गल्लीतली चुगलीखोर बाई. कुठंतरी भांडण लागलंय एवढं सांगती, कुणाच्या घरात ते न्हाई सांगत."
डॉक्टर रागावले नाहीत. मी रागाची तयारी करून गेले होते, ती तशीच परत आणली. म्हणाले, नेमकी हीच अडचण आहे. सूज कुठेही असो, हा आकडा वाढतो. नुसतं आतड्याबद्दल बोलणारं काहीतरी रक्तात सापडतं का, त्यासाठीच त्या चार नळ्या.
मी विचारलं, "मग जोड बरा आहे?"
"असं मी म्हटलं नाही. दाढ सुजली म्हणून जोड बरा, असं होत नाही. दोन्ही असू शकतं. आधी दाढ बघून घ्या, मग दुर्बिणीतून जोड बघू. तोवर इंजेक्शन नाही."
फॉर्म मागून घेतला. 'नाही'वर एक रेघ. बाजूला: 'डावी खालची अक्कलदाढ, सूज, ३ तारखेस अकरा दिवस.' मोजलं तर दहाच होत होते. पुन्हा एक रेघ, पुन्हा तारीख, पुन्हा सही. सिस्टरांनी तो कागद शेजारच्या शिकाऊ मुलीला दाखवला. "बघ गं. हे मी तुला कवापासनं सांगतीया."
तात्या खिडकीबाहेर बघत होते. पण ऐकलं त्यांनी. मान ताठ झाली.

१९ नोव्हेंबर
दाढ निघाली. साताऱ्यातल्या दाताच्या बाईंनी आधी सांगलीच्या डॉक्टरांना फोन केला, मला चालतील त्याच गोळ्या दिल्या, पाच दिवस सूज उतरवली आणि परवा काढली. मुळं वाकडी होती. कागदात गुंडाळून दिली. आई म्हणाली, "टाकू नगंस. लय छळलंय तिनं, जरा बघू दे."
रात्री नीट झोप. कित्येक दिवसांनी कुठेच काही दुखत नाही. हे लिहायलाही भीती वाटते, तरी लिहिते.

२४ नोव्हेंबर
दुर्बीण झाली. काल सबंध दिवस पोट साफ करायच्या पावडरचं पाणी, त्याबद्दल लिहीत नाही.
गुंगी उतरत होती तेव्हा डॉक्टर तात्यांशी बोलत होते. "शून्य."
तात्या: "शून्य म्हंजे कसं धरायचं, साहेब?"
"जोडापाशी एकही व्रण नाही. इथं शून्य म्हणजे पैकीच्या पैकी."
"मग सरळ पैकीच्या पैकी म्हना की. माजा जीव गेला असता."
फोटो दाखवला. मला वाटलं होतं जोड ओबडधोबड असेल, पोत्याच्या शिवणीसारखा. तसा नव्हता. गुलाबी, ओलसर, एका ठिकाणी टाक्याचा बारीक चमकता ठिपका. माझा.
डॉक्टर म्हणाले, हे आजचं आहे, कायमचं नव्हे. मला आजचंच हवं होतं.
आईला फोन केला. सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "कुकर लावू का?"
परत येताना उसाच्या ट्रॉल्यांमागे पाऊण तास. कुणाची तक्रार नाही.

८ डिसेंबर
पुन्हा रक्त. सीआरपी ४. सिस्टर म्हणाल्या, "चुगलीखोर बाई गप बसली बघा." पुन्हा चार नळ्या बर्फात. इतर त्रास: उजव्या अंगठ्याचं नख अर्धवट तुटलं आहे. सिस्टरांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.
एक नवा कागद दिला, घरी विचार करून भरायला. गोठवलेल्या नळ्यांचा निकाल यायला काही वर्षं लागतील. त्यातून माझा आजार परत यायची शक्यता दिसली, तर मला कळवावं का? हो किंवा नाही.
आई: "हो कशाला? सुखानं चार घास खा की." थोड्या वेळानं: "का 'हो' म्हनावं? तुमी सांगा, आवं."
तात्या म्हणाले, "रकाना तिचा हाय." आणि मग, जाता जाता, "पर रिकामा ठेवू नगंस."
मी पेन्सिलनं 'हो' लिहिलं आहे. पेन्सिलनं लिहिलेलं कागदावर खरं धरत नाहीत, हे चौथीच्या आधीच शिकले होते. कागद द्यायला अजून आठ दिवस आहेत. पेन शेजारीच ठेवलं आहे.