दोघांची आई

दादा,

तुला न सांगता आज मी तुझ्याच वॉर्डातून नगरपरिषदेचा अर्ज भरून आले. अपक्ष म्हणून. निशाणी शिवणयंत्र मागितलीय. इतका आनंद झालाय रे, की सुईत दोरा जाईना, म्हणून मशीन बंद करून लिहायला बसले.

दोनदा नगरसेवक झालास, पण आपल्या गल्लीतल्या गटारावर झाकण काही बसलं नाही. आई त्यात पडली, पाय मोडून बसली, तेव्हाही तू म्हणालास, "बघतो." माझ्याकडे मापं द्यायला येणाऱ्या बायकाच शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्हीच उभ्या राहा की." मी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप अर्ज घेऊन आले.

सूचक म्हणून सही करायला मात्र कुणी पुढे येईना. तुझ्याशी वाकडं कोण घेणार? मग आईच काठी टेकत माझ्याबरोबर निघाली. कचेरीतल्या साहेबांनी तिला विचारलं, "उमेदवार तुमच्या कोण?"

"मुलगी," आई म्हणाली. "आणि तिच्यासमोर उभा आहे ना, तोही माझाच."

साहेबांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि सहीची जागा दाखवली.

हे पत्र मी धाडणार नाही. उद्या यादी लागेल तेव्हा तुझा चेहरा मला स्वतः बघायचाय. तुझा प्रचाराचा शर्ट शिवून तयार आहे, न्यायला ये. येताना खाली बघून चाल, गटार अजून उघडंच आहे.

तुझी धाकटी बहीण
आणि आजपासून विरोधी उमेदवार