फ्यूजची एकपदरी तार

आई, तुला जाऊन एकतीस वर्षं झाली. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही, आणि लिहिताना सारखं वाटतं की काहीतरी चुकतंय. पण मंगळवारपासून छातीत धडधड आहे, ती कुणापुढे तरी ठेवायला हवी.

पलूसच्या रानातली आपली विहीर. उसाला पाणी द्यायचं होतं आणि मोटर लावली की फ्यूज जायचा. तीनदा गेला. दुपारनंतर लाईट नसणार, म्हणून मी जाड वायर सोलून तांब्याचे पाच-सहा पदर पिळले आणि तेच फ्यूजमध्ये घातले. आपल्याकडे सगळेच असं करायचे. तू उसातल्या तणाची भांगलण सोडून पेटीपाशी येतेस आणि माझ्या हाताकडे बघतेस.

"ह्ये काय घातलंस रं?"

"आता जातोय का बघ फ्यूज!"

"फ्यूज न्हाई जायाचा, मोटर जाईल. लगीन झालं तरी अक्कल न्हाई आली व्हय?"

तू मेन स्विच पाडतेस, पडला का ते पुन्हा बघतेस, हात पदराला कोरडे पुसतेस आणि मगच फ्यूज ओढून काढतेस. नवी तार घालायची घाई नाहीच. आधी मोटरचं मागचं झाकण काढून तू पंखा हातानं फिरवून पाहिलास. तो हलेना. पंप खोलला तर आत उसाचं वाळलेलं पाचट अडकलेलं. मोटर फिरायला बघत होती, फिरता येत नव्हतं, म्हणून जास्त करंट ओढत होती, आणि त्यानं ती बारीक तार वितळत होती. "ती जळती म्हून बाकीचं वाचतंय," तू म्हणालीस. "का जळली त्ये आदी बघायचं, मग नवी घालायची." मग वायरमननं दिलेली एकपदरी तार तू घातलीस आणि पाटाला पाणी लागलं. केसाएवढी तार स्वतः वितळून एवढं मोठं लोखंड वाचवते! मी पाणी बघायचं सोडून तुझ्याकडेच बघत राहिलो. तुला अक्षरओळख नव्हती. त्याआधी एकदा मोटर जळाली होती, तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर बसून तू हे सगळं विचारून घेतलं होतंस.

आता मी सांगलीत मुलाकडे असतो. इथं तार नाही, पेटीत छोटे खटके आहेत. मंगळवारी सकाळी नात अंघोळीला गेली, गिझर लावला आणि खटका पडला. सून स्वयंपाकघरातून आली. "आवं मामंजी, करा की वर, शाळंची गाडी यील."

"थांब," मी म्हणालो. "पोरीला आधी बाहेर घे."

गिझरचं बटण बंद करून खटका वर केला, तो राहिला. म्हणजे दोष गिझरमध्येच. नातीला गॅसवर पाणी तापवून दिलं. "आजोबा लय भित्रे हायेत," ती फुगून म्हणाली. दुपारी कारागिरानं गिझर खोलला. आतली तापणारी कांडी फुटून वीज पाण्यात उतरत होती. सुनेनं पोरीला घट्ट धरलं आणि तेव्हापासून मुलगा आल्यागेल्याला माझं कौतुक सांगतो.

पण खरं तुला सांगतो. सून येण्याआधी तो खटका दोनदा पडला होता. पहिल्यांदा मी नुसता वर केला. दुसऱ्यांदा अंगठ्यानं दाबून धरला. नात आत होती, नळाचा आवाज येत होता, आणि मला फक्त तिची गाडी चुकेल ही काळजी होती. तरी तो राहिना, तेव्हा कुठं तुझं बोलणं आठवलं. नंतर कारागिराला हळूच विचारलं, दाबून धरला तर काय होतं? तो हसला. "काय न्हाई हुत बाबा. दाबून धरला तरी आतनं तुटतोयच. तसाच बनवलाय त्यो."

तसाच बनवलाय! कुठंतरी बसून कुणीतरी माझ्यासारख्याचा अंगठासुद्धा आधीच ध्यानात घेतला होता. ते आठवलं की अंगावर काटा येतो.

हा कागद कुठं धाडायचा नाहीच. मुलाच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवतोय.