एक मेपर्यंत

८ फेब्रुवारी २००३, शनि.
काल पार्टीच्या मीटिंगमध्ये कौन्सिलच्या उमेदवारीसाठी माझं नाव पक्कं झालं. मतदान एक मेला. श्री म्हणाला, "छान. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमातून यंदा सुटका." बाकी काही बोलला नाही. लंडनजवळच्या रीडिंगमधल्या ऑफिसातून दमून घरी येतो आणि इथे बायकोची नवी भानगड.

आज महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू, शाळेच्या हॉलमध्ये. युनियनची ब्रँच सेक्रेटरी झाले तेव्हा याच बायका म्हणाल्या होत्या, नर्सबाईंना लाल बावट्याची हौस. आज "आपली सुलभा कौन्सिलर होणार!" म्हणून गळ्यात पडत होत्या. मीही पडू दिलं. मतं त्यांनाही आहेत.

हॉलच्या किचनमध्ये एक मुलगी एकटीच कप विसळत होती. कल्पना. अकोल्याची, दळवींच्या नर्सिंग होममध्ये आहे, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांच्या होममध्ये. मी मूळची वर्ध्याची म्हटल्यावर तिने नळ बंद केला. भारतातून आलेल्या नर्सला इथे आधी देखरेखीखाली काम करावं लागतं, ते ॲडाप्टेशन तिचं कधीच पुरं झालंय. मेट्रन सही करत नाही. सही नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून केअररचं काम, आंघोळ घालणं, भरवणं.

"आणि रात्री एजन्सीची नर्स आली नाही की मग मी नर्स. औषधं मीच देते."
"नोंदणी नसताना?"
"मेट्रन म्हणते, तुला येतं ना? मग दे."

बाहेर दळवी मंडळाचे अध्यक्ष म्हणून तिळगूळ वाटत होते. गोड बोला म्हणे.

१३ फेब्रु.
बस स्टेशनजवळच्या कॅफेत क.ला भेटले. युनियनची मेंबर झाली. व्हिसा जूनअखेर संपतो. तोवर सही झाली नाही तर परत अकोला. घरी सगळ्यांना सांगून आलीय, लंडनला सिस्टर आहे म्हणून.

म्हाताऱ्यांना आंघोळ घालण्यात कमीपणा नाही. मी घातलीय, अजून घालते. पण एका बाईला नर्स म्हणून आणायचं, दिवसा म्हणायचं तू नर्स नाहीस, आणि रात्री सोयीचं म्हणून नर्स करायचं. याला मराठीत शब्द आहे. इथे लिहीत नाही.

केस मेंबरची असते, युनियनची नाही. ती हो म्हणाली तरच मी पुढे. तीनदा विचारलं. हो म्हणाली.

१ मार्च, शनि.
दळवींच्या होममध्ये, त्यांच्या ऑफिसात. टेबलावर चिवडा. "घ्या वहिनी, घरचा आहे."

"युनियन-बिनियन गोऱ्यांच्यात ठीक आहे हो. आपण आपल्यात बसून बोलू."
"मी बसलेच आहे."
"या पोरींना मी आणलं. राहायला खोली दिली, पहिल्या थंडीत कोट घेऊन दिले. कोण करतं?"

सहीबद्दल विचारलं तर म्हणे तो मेट्रनचा प्रोफेशनल निर्णय, मालकाने त्यात पडू नये. सगळं कसं नियमात. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आणि रात्रीची औषधं कोण देतं? ते कुठल्या नियमात?

चेहरा हलला नाही. फक्त म्हणाले, "कल्पना असं म्हणाली?"

तक्रार सहीबद्दल होती. औषधांचं तिने मला विश्वासाने सांगितलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाजूने टेबलाशी बसले, अशी चूक नवख्याकडूनही झाली नसती. दळवींच्या रागात मी तिलाच पुढे ढकललं. बाहेर येऊन गाडीत बसले आणि दार आपटलं. त्यांच्यावरचा राग होता की स्वतःवरचा, कळेना.

चिवडा खाल्ला नाही. एवढंच जमलं.

१६ मार्च, रवि.
प्रचाराला दारोदार. निम्म्या दारांत युद्धाचा विषय. "इराकवर बॉम्ब टाकायला निघालेल्या पार्टीला मत देऊ?" मी म्हणते, मीही विरोधात आहे, मोर्चात चालले. "मग त्यांच्यात काय करता?" चांगला प्रश्न आहे. मी म्हणते आत राहून. ते दार लावतात.

कीथ माझा निवडणूक एजंट. मला सू म्हणतो. पत्रकावरही सूच छापलंय, सुलभा खाली बारीक टाइपात. आज चालता चालता म्हणाला, मिस्टर दळवींचा फोन होता. मिनीबस देताहेत मतदानाला. पाडव्याला स्टेजवर पाठिंबा जाहीर करणार.

"त्या मुलीचं प्रकरण एक मेपर्यंत बाजूला ठेव. रद्द कर म्हणत नाही. फक्त एक मेपर्यंत."
"तिचा व्हिसा जूनपर्यंत आहे."
"मग आहे की वेळ! निवडून आलीस तर तिचंच जास्त भलं करशील."

मी ओरडायला हवं होतं. मी पुढच्या दाराची बेल वाजवली.

२२ मार्च
क.चा फोन. केस मागे घेतेय. "ताई, मले भांडण नाही पाहिजे." आजवर माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायची, आज एकदम घरचं. दळवींनी बोलावून घेतलं होतं. ओरडले नाहीत म्हणे. एवढंच म्हणाले की नोंदणी नसताना औषधं दिली हे बाहेर पडलं तर पहिली तूच जाशील, बाळा.

बाळा!

मी म्हटलं, केस तुझी, तू म्हणशील तसं. फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. हे इथे नाही लिहिलं तर ही वही कशाला. आता पाडवा नीट पार पडेल, मिनीबस मिळेल, कीथ गप्प बसेल. सगळं माझ्या मनात येऊन गेलं, भाजी चिरता चिरता. नंतर स्वतःची इतकी चीड आली की सुरी खाली ठेवली.

श्रीला सांगितलं. म्हणाला, "तूच म्हणतेस ना, नियमाने तुझे हात बांधलेले आहेत?"
"हो."
"मग?"
मग हेच. हात बांधलेलेच बरे वाटले मला.

६ एप्रिल, रवि.
मंडळाचा पाडवा. गुढी उभारली, नाट्यगीतं झाली, दळवींचं भाषण झालं. "आपली वहिनी, वर्ध्याची लेक, रुग्णांची माउली…" टाळ्या. मी स्टेजवर जाऊन नमस्कार केला, दोन वाक्यं बोलले. लिमयेआजी पुढच्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या, "माउली राहू दे गं. दवाखान्यात तारीख लवकर मिळेल का ते सांग." सगळे हसले.

जेवणाला होममधल्या मुली वाढायला. सुट्टीचा दिवस त्यांचा. क.ने माझ्या पानात श्रीखंड वाढलं. "वाढू का अजून?" माझ्याकडे न बघता. मी नको म्हटलं. दळवी मागून, "अगं वाढ वाढ, आपल्या कौन्सिलर आहेत!"

१७ एप्रिल
सकाळी हॉस्पिटलात ड्यूटीवर गेले तर रात्री आलेला पेशंट, म्हातारा, साखर एकदम खाली गेलेली. दळवींच्या होममधून. बेडच्या बाजूला खुर्चीत क., अंगावर केअररचा युनिफॉर्म. अँब्युलन्समधून त्याच्याबरोबर आलेली.

कॉरिडॉरमध्ये नेलं. संध्याकाळी कुणीतरी इन्सुलिन देऊन गेलं होतं, पाळी बदलताना हँडओव्हर द्यायला कुणी थांबलंच नाही, मेट्रन म्हणाली देऊन टाक, हिने पुन्हा दिलं. "मीच दिलं, ताई. माह्याच हातानं."

दुपारपर्यंत म्हातारा उठून बसला, चहा मागितला. वाचला. चहा पिताना क.कडे बोट दाखवून मला म्हणतो, "चांगली नर्स आहे ही."

ती बाथरूममध्ये जाऊन रडली. मी बाहेर उभी राहिले. मार्चमध्ये मला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची किंमत हा माणूस मोजणार होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

२३ एप्रिल
सहा दिवस डोक्यात एकच. युनियनची म्हणून मी तिच्या परवानगीशिवाय बोलू शकत नाही. पण आता हे तिच्या केसचं राहिलेलं नाही. मी नर्स आहे, माझ्या समोर पेशंट आला, आणि उद्या दुसरा येईल. बोललं नाही तर माझी नोंदणी कशाला? आणि बोललं तर जाणार ती. दळवी नाही, मेट्रन नाही. ती.

कीथला फोनवर सांगितलं. एकच उत्तर. "एक मेपर्यंत, सू. एक आठवडा!" एक आठवड्यात किती रात्री असतात हे त्याला कोण सांगणार. मी फोन आपटला. त्यानेही आपटला असावा.

क.ला आधी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. उद्या मी होम तपासणाऱ्या ऑफिसला कळवणार आहे, तुझं नाव घेणार नाही, पण त्यांना कळेल.
"तुमाले काय जाते?" म्हणाली. "तुमची नोकरी हाय, घर हाय, पत्रकावर फोटो हाय. मी घरी काय तोंड दाखवू?"
मग लाइन तुटली. तिने तोडली.

२४ एप्रिल
कळवलं. माझ्या नावानिशी. फोनवरच्या बाईंनी नाव दोनदा विचारलं.

१ मे, गुरु.
सकाळपासून मतदान केंद्राच्या, म्हणजे शाळेच्या, फाटकापाशी, छातीवर पार्टीच्या फितीचं रोझेट लावून. काल होमवर इन्स्पेक्टर येऊन गेले हे मला आज कळलं, तेही दळवींकडून. मिनीबस घेऊन आले, आत मंडळाचे आजी-आजोबा. मला बाजूला घेतलं.

"वहिनी, कुणीतरी आपल्यातल्यानेच पाठीत सुरा खुपसला. काल दिवसभर उलथापालथ केली त्या लोकांनी. कपाटं-बिपाटं. निवडून आलात की जरा वर शब्द टाका."
"मी कळवलं."
"हां, तुम्ही कळवा वर—"
"नाही. तक्रार मी केली, दळवीसाहेब. माझ्या नावाने."

ते माझ्या रोझेटकडे बघत राहिले. तोंडाकडे नाही, रोझेटकडे. मग इंग्रजीत म्हणाले, आणि या लोकांना मी तुझ्यासाठी आणलं. पहिल्यांदाच एकेरी वाटावं असं बोलले. वहिनी गळून पडलं.

वाटलं, आता बस परत नेणार. तेवढ्यात लिमयेआजी पायरीवरून, "दळवी, माझी काठी द्या आधी. मत द्यायला आलेय, तुमचं भांडण ऐकायला नाही." त्यांनी काठी दिली. हात धरून उतरवलं. एकेकाला उतरवलं, नीट, सांभाळून. मग गाडीत जाऊन बसले.

हे आजच का सांगितलं? उद्या कळलंच असतं त्यांना. खोटेपणाने त्यांची मतं नको होती म्हणून? की त्यांचं तोंड बघायचं होतं? दुसरं जास्त खरं आहे बहुतेक. आणि मतं तर आत गेलीच.

३ मे, शनि.
निवडून आले. थोडक्यात. कीथने मिठी मारली, जसं काही झालंच नाही. मंडळातून दोन फोन, एक अभिनंदनाचा, एक "आपल्याच माणसाला गोत्यात आणलंत" असा. दुसऱ्या बाईंना म्हटलं, ती मुलगी कुणाची माणूस आहे? त्या म्हणाल्या, ती कोण?

काल संध्याकाळी क. दारात. बॅग घेऊन. खोली होमची होती, रिकामी कर म्हणाले. मेट्रनने इन्स्पेक्टरना सांगितलंय की ही मुलगी आपल्या मनानेच औषधं द्यायची, आम्हाला ठाऊकच नाही. बाळा म्हणणारा मालक त्यावर काही बोलला नाही.

पाठीमागची खोली दिली. श्रीने स्वतः गादी टाकली, हीटर लावला, तिला विचारलं चहात साखर किती. माझ्याशी ती आज सकाळपर्यंत बोलली नाही.

इन्स्पेक्टरना तिचा जबाब हवाय. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे मंगळवारी. बोलली तर नोंदणी नसताना औषधं दिल्याचं स्वतः कबूल करणं आलं. मग इथली नोंदणी मिळेल न मिळेल. नाही बोलली तर मेट्रनचंच खरं, आणि व्हिसा जूनपर्यंतच. मला काय वाटतं ते मला माहीत आहे. ते तिला सांगायचा अधिकार मला आहे का, माहीत नाही. एकदा न विचारता ठरवून झालंय माझं.

दुपारी पोळ्या लाटत होते. ती येऊन ओट्याशी उभी राहिली.
"आता सांगा ना. तवा लई घाई होती सांगाची. आता निवडून आल्या त तोंड शिवलं?"
म्हटलं, "तू ठरव. बोललीस तरी, नाही बोललीस तरी मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर."
"कोन म्हणून येसान? युनियनच्या, का कौन्सिलर म्हणून?"

तव्यावरची पोळी करपली. मी ती काढून बाजूला ठेवली, दुसरी टाकली. ती तिथेच उभी राहिली.