आज घाडी येईल

वयनी,

मी वालावलीला माहेरी जाते आहे. एकटी, काठीशिवाय, आणि त्याच साकवावरून, जिथून गेल्या पावसाळ्यात पडून माझा पाय मोडला. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आता ह्या लंगडीक जलमभर पोसूक होया."

हाड जुळलं, पण चालताना तोल जायचा. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, दुखऱ्या पायावरच उभी राहा, आधी खांब धरून, मग हात सोडून. म्हणून मी रोज तुळशीपाशी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायचे. पाय सुधारत होता. तुम्ही मात्र "हिच्या आंगात भूत आसा" म्हणत भूत उतरवायला घाडी बोलावलात.

तो आज तिन्हीसांजेला येईल. कोंबडा पाटीखाली झाकून ठेवलाय. वेत तोच आणणार आहे. काल विहिरीवर भेटला, तेव्हा विचारत होता, दोघी जावांत भूत कुणाला लागलंय? मी सांगितलं, "थोरल्या जावेक. ती 'माका काय एक झालेला नाय' म्हणान आरडतली. तेव्हा भूतच बोलता, असा समजा."

सुभद्रा