तिरकी फळी

सोमवार, ३ मार्च

१. डोंगर कसे घडतात ते बघायच्या प्रयोगपेटीत वाळूचे सात थर घातले. पांढरा, निळा, आलटून पालटून. तीन तास लागले.
२. सुतारकाकांनी ढकलायची फळी बसवली.
३. मोटर सुरू केली. डोंगर झाला नाही. वाळू फळीवर चढली आणि पलीकडे माझ्या बुटांत उतरली.
४. कारण: मी "तिरकी हवी" म्हणाले होते. काकांनी मागे रेललेली दिली. आरामखुर्चीसारखी.
५. मला ढकलण्याची दिशा तिरकी हवी होती. फळी ताठ.

काका म्हणाले, "ताई, तिरकी मागितलीत, तिरकी दिली. आता वाळूची समजूतही मीच काढू का?" फोटोमास्तर (पेटीवरच्या कॅमेऱ्यातून मिनिटाला एक फोटो काढणं हे त्याचं काम) हळूच म्हणाला, "नाचता येईना, फळी वाकडी!" मी हसले नाही. बूट झाडले.

विभागप्रमुख मॅडम: "शुक्रवारी डोंगर दाखव. नाहीतर पेटी दुसऱ्या गटाला." म्हणजे माझं वर्ष गेलं.

मंगळवार, ४ मार्च

काकांना चित्र काढून दिलं. जमिनीचे दोन तुकडे समोरासमोर न भिडता कोनात भिडले की रेट्याची वाटणी होते. समोरचा वाटा थरांना घड्या घालतो, एकावर एक चढवतो. बाजूचा वाटा त्यांना डोंगराच्या लांबीने सरकवतो. काका: "म्हणजे आमच्या घरातलंच की! बायको समोरून रेटते, आई बाजूला ओढते. आठ्या माझ्या कपाळावर!"

याहून चांगली व्याख्या पुस्तकात नाही.

संध्याकाळी काकांनी फळी ताठ बसवली. पुन्हा थर. फोटोमास्तर म्हणाला, "मधला निळा मी चाळतो." लेन्समध्ये जाते म्हणून तो वाळूला कधी हात लावत नाही. मी विचारलं, "लेन्सने घटस्फोट दिला का?" कान लाल झाले त्याचे. आई म्हणते ते खरं — तिरकस बोलायला मला कोनमापक लागत नाही.

बुधवार, ५ मार्च

झाला! पंचेचाळीस अंशांचा कोन, मोटर चाळीस मिनिटं. घड्या तिरक्या रांगेत, बाजूला सरकलेला पट्टा — सगळं गणिताप्रमाणे. फक्त मधोमध एक घडी उलटीकडे तोंड करून उभी. लग्नात रुसलेल्या मामासारखी.

मॅडम स्टुलावर चढून बघून आल्या. "हे कुठल्याच पेटीत झालेलं नाही! शुक्रवारी हेच."

मी तीन स्पष्टीकरणं लिहिली. तिन्ही देखणी.

फोटोमास्तर: "खाली काहीतरी असेल गं..." आणि लेन्सचं झाकण पाडलं. दोनदा.

गुरुवार, ६ मार्च

पाणी शिंपून वाळू घट्ट केली, पातीने कापली. उलट्या घडीच्या पोटात, निळ्या थरात — कागद! गुळगुळीत. वरची वाळू त्यावरून घसरली, एवढंच. शोध संपला.

अक्षर फोटोमास्तरचं. "समोरून बोलायला आलो की तू बाजूला सरकतेस. म्हणून खालून विचारतो. तू माझ्याशी" — आणि पुढे माझंच पाणी. शाई पसरली. तळाशी तेवढं शाबूत: "शनिवारपर्यंत कळव."

माझ्याशी काय? नीट बोलशील? बुद्धिबळ खेळशील? तिसरी शक्यता लिहिली. खोडली. परत लिहिली.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी कोऱ्या वाळूने पुन्हा चालवलं. डोंगर तोच, उलटी घडी नाही. मॅडमना कागदाचं सांगितलं, मजकूर सोडून. "शोध गेला, डोंगर उरला. पेटी ठेव," म्हणाल्या. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

जाताना त्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत चिठ्ठी ठेवली. नक्कल:

"कागद मिळाला. प्रश्न भिजला. उत्तर हो आहे. प्रश्न उद्या, शनिवारी, सकाळी अकराच्या आत लेखी कळव."