नऊ नंबरचं रान

प्रिय लेगियो,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. रमझानच्या आधी येऊन बाबांची हाडं जावाला न्यायची, आजोबांच्या शेजारी पुरायची, असं लिहिलंस. मुलांना आणतोयस, पांढरं कापडही घेऊन ठेवलंस. तू पहिल्यापासूनच घाईचा. नवा बाजार कबरस्तानावरच होणार हे खरं आहे, महिनाभरात ज्यानं त्यानं आपली माणसं हलवायची आहेत. शेजारची पाइकेम म्हणते, "या गावात मेल्यावरसुद्धा बदली होते गं बाई." हसावं की रडावं कळत नाही.

काकांबरोबर तू जावाला गेलास तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होतास, म्हणून तुला आठवणार नाही. आम्ही बोटीतून इथे सुमात्राला आलो तेव्हा दोन बराकी होत्या आणि पुढे नुसतं जंगल. साहेबांनी त्याचे नंबर पाडले होते. एकेक नंबर तोडायचा, वाळू द्यायचा, जाळायचा आणि मग रबर लावायचं. जाळायचं काम बायकांचं. मशाली घेऊन ओळीनं पुढे सरकायचं.

बाबांनी मुकादमावर हात उगारला आणि ते पळाले. आधी पळालेल्या एकाला बराकीसमोर फटके मारमारून संपवलेलं आम्ही पाहिलं होतं. बाबा नऊ नंबरच्या पाडलेल्या झाडांत लपले. भात मी नेऊन दिला, मी चौदा वर्षांची होते. आईचा निरोपही मीच सांगितला, की दोन दिवस तिथेच थांबा, ते रान शुक्रवारनंतर पेटवणार आहेत.

दुसऱ्याच दुपारी ढग आले. मुकादम खेकसला, "भिजलं तर महिना गेला. नऊ नंबर आत्ताच पेटवा." आईच्या हातात मशाल होती, माझ्याही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बाबा पलीकडून निसटतील असं तिला वाटलं असावं, मला तरी तसंच वाटलं. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. ओळ पुढे सरकली तशा आम्हीही मशाली टेकवल्या.

राख निवल्यावर आई आठ दिवस तिथे उकरत होती. कुणी विचारलं तर कोळसा वेचतेय म्हणायची. काहीच सापडलं नाही. बाबा तापानं गेले ही गोष्ट तिनं तुझ्यासाठी रचली आणि पुढे कबरही बांधली. तिच्यात मूठभर राख आहे, बाकी माती. दरवर्षी तू फुलं वाहायला कळवायचास, मी वाहत राहिले. जुन्या माणसांना ठाऊक होतं, ती गप्प बसली.

नऊ नंबरचं रबर म्हातारं झाल्यावर तोडलं आणि तिथेच हे गाव वाढलं. शाळा, मशीद, बसथांबा, माझं घरसुद्धा त्याच जागेवर आहे. बाबा कुठे आहेत म्हणून विचारलंस तर मला बोट दाखवता येणार नाही.

तू पोरांसमोर कुदळ मारशील आणि हाताला काही लागणार नाही, म्हणून हे आज लिहिते. आईची कबर मात्र खरी आहे, तिला न्यायला ये. मी माफी मागत नाही. त्या दुपारी मी ओरडले असते तर बाबांना फटके बसले असते, कदाचित त्यातच गेले असते. पण तुला पुरायला बाबा मिळाले असते.

तुझीच ताई,
ङातिना