न जळणारी दृष्ट

१४ जानेवारी, कॅरी, अमेरिका
बाळंतिणीच्या घरात विस्तव नाही, आणि मला म्हणे शेक-धुरीसाठी बोलावलंय! असो. पोचले सुखरूप. नात झकास आहे, नाक तेवढं जावयाचं. त्याला इलाज नाही. शिवांगी म्हणाली, आई, दिवसभर बोलतेस त्यातलं थोडं लिही, आमचे कान सुटतील. म्हणून लिहिते. तव्यावर ओवा टाकला तर छताला लावलेला धुराचा भोंगा ठणाणा बोंबलला. शेजारची गोरी बाई अनवाणी बाहेर पळाली. मी हसून हसून खाली बसले.

१८ जानेवारी
जावई धुरीचं मशीन करतायत. केदारराव ऑफिसात कंप्युटर बडवतात, घरी तारा पिळतात. तारेचं पहिलं वेटोळं लालबुंद झालं, ओव्याचा कोळसा. मग जुन्या इस्त्रीची पट्टी लावली, ती धड तापेना. आता चिनी मातीच्या तबकडीत तार बसवलीय. ओवा, बाळंतशेपा जळत नाहीत, नुसती वाफ निघते. भोंगा गप्प. मी बरंय म्हटलं. जास्त नाही म्हटलं, आधीच त्यांची छाती फुगली होती.

२१ जानेवारी
मैत्रिणी बाळ बघून गेल्या आणि बाळीनं रडून आकांत मांडला. मी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. ती विस्तवात तडतडून जळायला हवी. इथे विस्तव कुठला? टाकली तबकडीवर. एकही मोहरी तडकली नाही. ठसका नाही, वास नाही. पांढरी वाफ झाली. बाळी गप्प झाली. फारच गप्प.

२२ जानेवारी
वाफ जात नाही. खिडक्या सताड उघड्या, तरी पाळण्यावर लोंबतेय. केदाररावांना म्हटलं, तुमच्या तबकडीनं दृष्ट जाळली नाही, घरात मोकळी सोडली. ते म्हणाले, ह्युमिडिटी आहे आई. प्लग काढला. वाफ आहेच.

२३ जानेवारी
भर दुपारी हाक आली. इलाऽऽ. शिवांगीच्या आवाजात. शिवांगी माझ्यासमोर बसलेली, तोंडात घास. घरात इला कोणी नाही. बाळीचं तर अजून बारसंही नाही. नाव तिनं ठेवलं — त्या वाफेनं. आणि बाळी हुंकारली. ओ दिल्यासारखी. तेव्हापासून तिचे पाय बर्फ.

२४ जानेवारी
डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे. ठीक! गाडीच्या काचेला आतून वाफ — आमच्याबरोबर आली. घरात पाऊल टाकतो तो दुसरी हाक. पुन्हा हुंकार. आता कमरेपर्यंत गार. केदाररावांनी तबकडी हातोड्यानं फोडली. काही नाही. रडतायत. तिसऱ्या हाकेला बाळीनं ओ दिली की ती तिला नेणार. देवा, दृष्ट तबकडीवर मीच टाकली —

२५ जानेवारी
वाफ खाली उतरलीय. बाळीच्या तोंडाशी. छातीच तेवढी कोमट —
आता तिसरी हाक येईल. तोंडानं बोलत नाही, लिहून दाखवते. शिवांगी, तिचे कान झाक. केदारराव, तिला घट्ट धरा, मागे बघू नका. तू बोलायचं नाहीस. तुम्हीही नाही. इला म्हटलं की ओ मी देणार, बाळीच्या आधी, फक्त मी, दुसऱ्या कुणी ओ द्याय—